पट्टी आपली, गाणं जपानचं

१९५५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. चिमूर परिसरातल्या रामदिघीच्या रानात साधना केलेला, खंजिरी वाजवत खेड्यापाड्यांतून भजनं गाणारा हा माणूस त्या काळी आपला आवाज घेऊन तिकडे गेला. आता ये-जा उलट्या दिशेने सुरू आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली इथली पोरं मोबाइलवर 'नारुतो'सारख्या जपानी कार्टून मालिका पाहत मोठी झाली. त्या मालिकांच्या सुरुवातीला वाजणारी गाणी त्यांना अर्थ न कळता तोंडपाठ आहेत. घरात दोन माइकवाला ब्लूटूथ स्पीकर आला, ट्रॅकवर गाणारी हौशी मंडळं गावोगाव झाली, तेव्हा कधीतरी एखादा पोरगा 'काका, माझं जपानी लावा ना जी' म्हणणारच होता.

तो उभा राहतो, पहिलं कडवं झकास म्हणतो आणि ज्या ओळीसाठी गाणं निवडलं तिथेच त्याचा आवाज फाटतो. सभागृहात हसू फुटतं. पोराला वाटतं, आपल्याला गाता येत नाही. खरं तर त्याला गाणं निवडता आलेलं नसतं.

'सोपं गाणं' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे ओळखीचं गाणं. शंभर वेळा ऐकलं की ते सोपं वाटू लागतं. दुसरं गिटारला सोपं, म्हणजे चार कॉर्डमध्ये बसणारं. जपानी बँडच्या 'सोप्या' गाण्यांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांतली बरीच गाणी या कारणाने आलेली असतात. तिसरं गळ्याला सोपं. कराओकेत फक्त हे तिसरं कामाचं, कारण वाजवायचं काम यंत्र करणार आहे. तुमच्या बोटांना तिथे कुणी विचारत नाही.

गळ्याचं सोपेपण मोजता येतं. सगळ्यात खालचा सूर कोणता, सगळ्यात वरचा कोणता, एका श्वासात किती अक्षरं म्हणायची आहेत आणि वरच्या सुरावर किती वेळ थांबायचं आहे, एवढं पाहिलं की झालं. साध्या, न कमावलेल्या गळ्याची आरामाची झेप एक सप्तक, फार तर दीड सप्तक. गाणं त्यात बसत असेल तर ते सोपं, मग ते कुठल्याही भाषेतलं असो. चाल छोटी, शब्द बालगीतासारखे, म्हणून गाणं सोपं असं धरून चालू नये. कोसाकु यामादा या संगीतकाराने १९२७ साली चाल दिलेलं 'आकातोंबो' हे लाल चतुरावरचं जपानी गाणं तिथल्या प्रत्येक मुलाला येतं. चार कडव्यांचं, संथ. पण ते मंद्र पंचमावरून उठतं आणि दुसऱ्या शब्दालाच तार षड्जाला जाऊन भिडतं. सरळ अकरा सुरांची झेप, आरामाच्या मर्यादेच्या अगदी टोकाची! खाली सुरुवात केली तर पहिला शब्द ऐकू येत नाही, वर केली तर दुसरा किंचाळतो.

यावरचा उपाय कराओकेच्या जन्मातच दडलेला आहे. दाइसुके इनोउए हा कोबे शहरातल्या क्लबांमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारा वादक. त्याचं वैशिष्ट्य असं, की गाणारा जिथे जाईल तिथे तो त्याच्या मागे जायचा. गिऱ्हाईक ताल चुकलं तर हा थांबायचा, सूर उतरला तर हा उतरायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला उष्ण झऱ्यांच्या सहलीला जाऊन पाहुण्यांसमोर गायचं होतं. त्याने इनोउएला सोबत बोलावलं. इनोउएला जाणं जमेना, म्हणून त्याने मालकाच्या गळ्याला झेपेल अशा बेताने साथ टेपवर वाजवून दिली. मालक खूश होऊन परतला. त्यातून १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारी अकरा यंत्रं तयार झाली आणि कोबेच्या बारमध्ये भाड्याने लागली. इनोउएने पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पैसा इतरांनी कमावला. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातल्या प्रभावी आशियाई माणसांत त्याला बसवलं आणि २००४ मध्ये त्याला शांततेचं 'इग नोबेल' मिळालं. लोकांना एकमेकांना सहन करायला शिकण्याची नवी वाट दिल्याबद्दल, अशी त्या गमतीदार पुरस्कारामागची कारणमीमांसा.

त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, शिगेइची नेगिशी या टोकियोतल्या कारखानदाराने असंच एक यंत्र बनवलं होतं. गुणगुणत कामावर आला म्हणून सहकाऱ्याने त्याची थट्टा केली, त्या चिडीतून. हे गृहस्थ २०२४ च्या जानेवारीत, शंभर वर्षांचे होऊन गेले. बेसूर म्हणून झालेली थट्टा आणि सूर न झेपणारा मालक, या दोघांच्या अडचणीतून निघालेला हा खेळ. तो दिग्गजांची बरोबरी करण्यासाठी नव्हताच.

आपल्याकडे मात्र ट्रॅकवर गाणाऱ्यांमध्ये एक विचित्र मान आहे, 'ओरिजिनल स्केल'चा. रफीसाहेबांचं गाणं रफीसाहेबांच्याच पट्टीत म्हणायचं, नाही जमलं तर घसा खरवडून म्हणायचं, पण अर्धी पट्टी खाली घ्यायची नाही. ही अट कुणी घातली, कोण जाणे. गावातला भजनी पेटीवाला आजही आधी विचारतो, 'कोणत्या पट्टीत घेऊ?' काळी एक, काळी दोन, पांढरी पाच, जे सांगाल ते. पेटीवर चालणारा हा साधा शहाणपणा ट्रॅक आला की आपण गुंडाळून ठेवतो. जपानमध्ये 'डॅम' आणि 'जॉयसाउंड' ही कराओकेची दोन मोठी नावं. त्यांच्या यंत्रांवर पट्टी वर-खाली करायचं बटण हाताशीच असतं आणि ते दाबायला तिथे कुणी लाजत नाही. आपल्या मोबाइलवरही ट्रॅकची पट्टी बदलणारी ॲप फुकट मिळतात. गती तीच राहते, सूर तेवढा उतरतो.

आता हिशेब करून पाहू. आपल्याकडे पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. काळी एकचा षड्ज धरून गाणारा मुलगा घ्या. नव्या जपानी बँडमधले गायक साबीत, म्हणजे गाण्याच्या मुख्य पालुपदात, मधल्या सप्तकाच्या पांढरी सहाला सहज हात घालतात. हा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, वाद्यं मिळवायला जगभर प्रमाण मानतात तो. आपल्या मुलाच्या हिशेबात तो कुठे पडतो? तार सप्तकातल्या कोमल धैवतावर! तार पंचम लागला की मैफलीत टाळ्या पडतात, आणि इथे त्याच्याही एक पायरी वर जाऊन, भराभर शब्द म्हणत, दोन-तीन वेळा तेच करायचं आहे. पण ट्रॅक चार बटणं, म्हणजे चार अर्धस्वर, खाली घेतला की तोच सूर तार गंधारावर येतो. गंधार बऱ्याच मुलांना लागतो. चार वेळा बटण दाबलं आणि अशक्य गाणं शक्य झालं.

याच हिशेबाची दुसरी बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. काळी पाचचा षड्ज असणाऱ्या मुलीला हीच पांढरी सहा मध्य सप्तकाच्या शुद्ध निषादावर भेटते. तिला तार सप्तकात जावंही लागत नाही. म्हणजे जपानी बँडमधल्या पुरुषांची गाणी आपल्याकडच्या मुलींना मूळ पट्टीत, काहीही न बदलता, मुलांपेक्षा जास्त सोपी. 'हे मुलांचं गाणं आहे' म्हणून त्या बाजूला ठेवतात आणि बायकांच्या आवाजातलं अवघड काहीतरी उचलतात. उलट, बायकांची गाणी मुलांनी एक पूर्ण सप्तक खाली म्हटली तर बरीचशी आरामात बसतात, थोडी ढाली वाटली तरी.

आपली पट्टी माहीत नसेल तर पेटीवाल्या कुणाकडे दहा मिनिटं बसावं. बोलताना जो आवाज निघतो त्याच्या थोडं वर गुणगुणायला सुरुवात करायची, खाली उतरत जायचं, आवाजाचा नुसता वारा होऊ लागला की तो तळ. मग वर चढायचं. जिथे हनुवटी उचलली जाते आणि मानेच्या शिरा दिसू लागतात, त्याच्या एक सूर खाली आपलं छत. गाणं निवडताना तळाची फारशी काळजी नको, खालचा सूर गिळला गेला तर माइक आणि ट्रॅक सांभाळून घेतात. छताला मात्र कुणी वाली नाही.

गळ्याला काय सोपं असतं, हे शिकायला चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांना जपानपर्यंत जायची गरजही नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात माडिया-गोंड मंडळी रेला म्हणतात. हात धरून रांग करायची, एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती उचलायची. चाल थोड्याच सुरांत फिरते, उड्या मारत नाही, जवळच्या सुरावर पाय ठेवत जाते. दुसरा गट म्हणत असतो तेवढा वेळ पहिल्याला श्वास मिळतो. 'रे रेला' हे धृपद इतक्या वेळा येतं की पाहुण्यालाही तिसऱ्या फेरीपर्यंत तोंडी बसतं. पाय आणि गळा दोन्ही रात्रभर चालवायचे असल्याने ही रचना तशी घडत गेली असावी. खंजिरी भजनातही हेच, पुढच्याने म्हणायचं आणि मागच्यांनी धरायचं. कमी सूर, जवळजवळच्या पायऱ्या, भरपूर पुनरावृत्ती आणि मध्ये श्वासाची जागा. कराओकेसाठी गाणं निवडायची याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

झाडीपट्टीची रंगभूमी हे याच मातीतलं दुसरं टोक. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज ही त्यांची पेठ. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपतं आणि त्यात गाणी वाजवणारे वादक समोर बसलेले असतात. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव महाराष्ट्रभर पुन्हा एकदा वाचलं गेलं. तिथला गाणारा नट हंगामभर रोज रात्री गळा चालवतो, त्यामुळे त्याचं छत आपल्यापेक्षा वर असतं. त्याचं गाणं ऐकून आपली पट्टी ठरवू नये. जपानी बँडच्या गायकाबद्दलही हेच म्हणता येईल.

भाषेचं काय? अर्थ कळत नाही हा अडथळा वाटतो तेवढा मोठा नाही. उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. जपानीत स्वर पाचच, अ, इ, उ, ए, ओ. जवळपास प्रत्येक व्यंजनाच्या पाठीशी स्वर उभा, जोडाक्षरांची गर्दी नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीचा 'त्सु' फार छळतो, आपण तो 'चूल' म्हणताना रोज उच्चारतो. 'जिरं' आणि 'जुना' यांतले दोन वेगळे ज आपल्या जिभेवर आहेतच. र आपल्या र सारखा, जीभ एकदा टेकवून सोडलेला. फ मात्र हवेने म्हणायचा, फुंकर घालताना ओठ होतात तसे.

गडबड होते ती मात्रांची. जपानी गाण्यात दीर्घ स्वर दोन मात्रा खातो आणि चालीत त्याला बहुधा दोन जागा दिलेल्या असतात. आपण ज्याला टोकियो म्हणून तीन अक्षरांत उरकतो, ते तिकडे 'तो-ओ-क्यो-ओ' असं चार मात्रांचं आहे. शब्दाच्या शेवटचा न् हादेखील स्वतंत्र मात्रा. 'होन' म्हणजे पुस्तक, त्यात हो एका ठोक्यावर आणि न् दुसऱ्यावर. आपण सवयीने न् मागच्या अक्षराला चिकटवतो आणि एक ठोका आधीच ओळ संपवून बसतो, मग ट्रॅक मागे राहिल्यासारखा वाटतो. 'निप्पोन'मधला अडकलेला प् सुद्धा मोजायचा, तिथे आवाज नाही, नुसती थांबण्याची मात्रा. म्हणून रोमन लिपीतले शब्द पाहून गाण्यापेक्षा गाणं ऐकत ऐकत देवनागरीत, प्रत्येक मात्रेला एक आडवी रेघ देऊन, स्वतःच्या हाताने लिहून काढावं. एका गाण्याला एखादी संध्याकाळ जाते, पण नंतर पडद्याकडे बघायचीही गरज उरत नाही.

आणि श्वास. इथे गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या जपानी गाण्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २००७ मध्ये 'हात्सुने मिकू' नावाचा संगणकी आवाज बाजारात आला. शब्द आणि सूर टाइप केले की तो गाऊन दाखवतो. घरी बसून संगीत करणाऱ्या हजारो तरुणांनी त्यासाठी गाणी रचली. संगणकाला फुप्फुसं नसतात, त्यामुळे ओळींमध्ये श्वासाची जागा ठेवायचं कारण नव्हतं, आणि सुरांच्या कितीही लांब उड्या चालत होत्या. पुढे त्यांच्यापैकी काही जण मुख्य प्रवाहात आले. केन्शी योनेझु हा त्यांच्यातलाच, 'योआसोबी'ची गाणी करणारा आयासेही तिथूनच आला. त्यांची गाणी ऐकायला विलक्षण आहेत, पण माणसाच्या छातीसाठी ती निर्दयी आहेत. त्यामुळे नवख्याने माझं ऐकावं आणि आधी मिकूच्या मागच्या काळात जावं. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या, फार तर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या गाण्यांमध्ये माणसाने श्वास घ्यावा अशी अजून अपेक्षा होती.

अगदी पहिलं गाणं म्हणून मी 'किरोरो'चं 'मिराइ ए' सुचवेन, १९९८ चं. हा बँड म्हणण्यापेक्षा ओकिनावातल्या दोन मैत्रिणींची जोडी, एक गाते, एक पियानो वाजवते. संथ लय, सुरुवातीचे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ओळींमध्ये मोकळी जागा. आईबद्दलचं गाणं असल्याने सभागृहात अर्थ सांगितला तर लोक शांत बसून ऐकतातही. मुलींनी मूळ पट्टीत घ्यावं, मुलांनी खालच्या सप्तकात. मुलींसाठीच 'झार्ड'चं १९९३ मधलं 'माकेनाइदे' हेही सरळ, ठेक्यावर पाय टाकत जाणारं. 'हार मानू नकोस' असं सांगणारं हे गाणं जपानात शर्यतीत धावणाऱ्यांसाठी हमखास लावलं जातं. 'झार्ड'ची गायिका इझुमी साकाइ ते ओरडत नाही, बोलल्यासारखं गाते, म्हणून आपल्यालाही ओरडावं लागत नाही.

मुलांच्या टोळक्यासाठी 'द ब्लू हार्ट्स'. त्यांचं 'लिंदा लिंदा' १९८७ चं. सुरुवातीला जवळजवळ एकट्या आवाजात संथ ओळी आणि मग एकदम धडाका, ज्यात गाण्याचं नावच ओरडायचं आहे. इथे बेसूर होण्याची भीती निम्म्याने कमी, कारण ओरडणं हा गाण्याचाच स्वभाव. २००५ मध्ये नोबुहिरो यामाशिता यांनी 'लिंदा लिंदा लिंदा' नावाचा चित्रपट केला. शाळेच्या संमेलनाला तीन दिवस उरलेत, मुलींच्या बँडची गायिका सोडून गेली आहे आणि त्या पकडून आणतात ती नेमकी कोरियाहून आलेली, जपानी जेमतेम बोलणारी मुलगी. ती ब्लू हार्ट्सची गाणी गाते. दिग्दर्शकाने तिच्यासाठी हीच गाणी का निवडली असावीत, ते ती एकदा ऐकली की कळतं. परकी भाषा गाणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट शोधून पाहावा.

'मोंगोल ८००' हा ओकिनावातला बँड. २००१ च्या त्यांच्या 'मेसेज' या अल्बमने, मोठी कंपनी पाठीशी नसताना, तिथल्या विक्रीच्या यादीत पहिला नंबर गाठला. त्यातलं 'चीसाना कोइ नो उता', छोटंसं प्रेमगीत, जपानी शाळा-कॉलेजांतल्या बँडांचं हक्काचं गाणं आहे. शब्द ठोक्यांवर सारखे बसवलेले, साबी पुन्हा पुन्हा तीच. दोन-तीन बटणं खाली घेतलं की चंद्रपूरच्या कोणत्याही संमेलनात चालेल. त्याच वर्षीचं 'बंप ऑफ चिकन'चं 'तेन्ताइ कान्सोकु' हे मध्यम आवाजाच्या मुलांना सुराच्या दृष्टीने जवळचं, पण शब्द दाट. ते तिसरं-चौथं गाणं म्हणून ठेवावं.

'स्पिट्झ'ची दोन गाणी प्रत्येक सोप्या यादीत असतात, १९९५ चं 'रॉबिन्सन' आणि १९९६ चं 'चेरी'. दोन्ही सुंदर. पण वर म्हटलेली गल्लत नेमकी इथेच होते. 'चेरी' गिटार शिकणाऱ्यांचं आवडतं, गळ्याचं नाही. त्यांचा गायक मासामुने कुसानोचा आवाज मुळात उंच आणि तो इतक्या सहजपणे, जराही ताण न दाखवता वर जातो की ऐकणाऱ्याला उंची कळतच नाही. 'रॉबिन्सन'च्या पालुपदात तर तो पातळ, खोट्या आवाजात आणखी वर जातो. मुलांनी पट्टी खाली घेतल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. मुलींनी खुशाल जावं.

'नारुतो'वाल्यांना आता धीर निघत नसेल. 'एशियन कुंग-फू जनरेशन'चं 'हारुका कानाता' जोशात, दोघा-तिघांनी मिळून, ओळी वाटून घेऊन म्हणावं. एकट्याने म्हटलं तर अर्ध्यावर दम लागतो. 'इकिमोनो गाकारी'चं २००८ मधलं 'ब्लू बर्ड' मुलींच्या आवाजात मस्त लागतं, फक्त वेगाची आधी सवय करावी. आणि 'ओफिशियल हिगे दांदिझम'चं 'प्रिटेंडर', 'किंग नू'चं 'हाकुजित्सु' ही २०१९ ची दोन गाणी, तसंच 'मिसेस ग्रीन ॲपल'चं जवळपास सगळं, घरी न्हाणीघरात. 'हाकुजित्सु' खोट्या आवाजातच सुरू होतं. त्या आवाजातून खऱ्या आवाजात न अडखळता उतरणं हे कमावलेल्या गळ्याचं काम.

बँडबाहेरचं एक नाव घेतो, कारण आपल्या कानांना ते लगेच ओळखीचं वाटेल. क्यू साकामोतोचं १९६१ मधलं 'उए ओ मुइते आरुको'. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिकडे त्याला 'सुकियाकी' हे मांसाच्या एका पदार्थाचं नाव दिलं गेलं, ज्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही! चालीचा बराचसा भाग मध्यम आणि निषाद वगळून चालतो, म्हणजे आपला भूप. जपानी संगीतात ही पाच सुरांची चौकट जुनी आहे आणि बँडच्या गाण्यांतही ती अधूनमधून डोकावते. लहानपणी पेटीवर भूप गिरवलेल्याला अशी चाल दुसऱ्यांदा ऐकताच पकडता येते. ओकिनावाच्या लोकसंगीतात तर सा ग म प नी असे सूर येतात, आपल्या तिलंगच्या आरोहासारखे.

निवड झाली की ट्रॅक शेवटापर्यंत ऐकावा. जपानी गाण्यांमध्ये पहिलं कडवं खालच्या सुरांत, त्यानंतरचा जोड थोडा वर आणि साबी सगळ्यात वर अशी चढण असते, आपल्याकडे मुखड्यानंतर अंतरा वर जातो तशीच. म्हणून गाणं झेपतं का हे पहिल्या ओळीवरून ठरवू नये, थेट साबी म्हणून बघावी. शिवाय पुष्कळ गाण्यांत शेवटची साबी अचानक अर्धी किंवा एक पट्टी वर चढते. सगळा दम संपलेला असताना. ती चढण आधी माहीत असेल तर पट्टी ठरवताना तिचाही हिशेब धरता येतो.

माइक स्पीकरलाच जोडलेला असावा. मोबाइलच्या ॲपमधून आपला आवाज ब्लूटूथने स्पीकरवर पाठवला तर तो किंचित उशिरा ऐकू येतो आणि भले भले त्याने लय सोडतात.

शेवटी वेळेची गोष्ट. जपानी बँडची गाणी चार-पाच मिनिटांची, मध्ये गिटारचा लांबलचक तुकडा. तेवढा वेळ माइक धरून उभं राहायचं म्हणजे हात कुठे ठेवावेत हेही सुचत नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमात तीस जणांची नावं आलेली असतात आणि निवेदक घड्याळाकडे बघत असतो. मालिकेच्या सुरुवातीला वाजते ती आवृत्ती साधारण दीड मिनिटाची, एक कडवं आणि एक साबी. त्या लांबीचे ट्रॅक वेगळे मिळतात. पहिल्यांदा म्हणताना तोच घ्यावा. शेवटची चढणारी साबी त्यात नसते, गिटारचा तुकडा नसतो, आणि दम संपायच्या आत गाणं संपलेलं असतं.